‘चांगल्या शिक्षकाला इमारत कशाला लागते?’ या प्रतिक्रियेला उत्तर

लहान मुलांच्या शाळेची जागा आणि इमारत यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं वाटेना, म्हणून हे वेगळं लिहितेय. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. एक, शिकवतो तो शिक्षक, भिंती शिकवत नाहीत, झाडाखालीसुद्धा उत्तम शाळा भरते, तेव्हा पैसा शिक्षकांवर घाला. दोन, मी म्हणते तशी शांत, मोकळी जागा दाट वस्तीत मिळतच नाही, त्यामुळे हे सगळं श्रीमंत शाळांपुरतं बोलणं आहे. तीन, कठडे आणि उंच्या मोजत बसलो तर मुलं नाजूक होतील, आपण सगळे या सोयी नसताना शिकलोच की. आणि शेवटी विचारलंय की तुमची शाळा आधीच मोठ्या रस्त्याला चिकटून उभी आहे, मग ती पाडायची का?

शिक्षक सगळ्यात महत्त्वाचा, याबद्दल माझं तुमच्याशी भांडणच नाहीये. पण जागा एकतर शिक्षकाला मदत करते नाहीतर रोज त्याच्या आड येते, आणि मूल जितकं लहान तितकं हे जास्त जाणवतं. पंधरा वर्षांच्या मुलाला ऐकू आलं नाही तर ते पुढच्या बाकावर येतं, ऊन तोंडावर आलं तर सरकतं, टॉयलेट लांब असेल तर मधल्या सुट्टीपर्यंत थांबतं. चार वर्षांच्या मुलाला यातलं काहीच जमत नाही, मुळात आपल्याला नेमका कशाचा त्रास होतोय हेच त्याला सांगता येत नाही, ते चुळबुळ करतं, रडतं किंवा गप्प होऊन जातं आणि आपण म्हणतो याचं लक्षच नसतं.

न्यूयॉर्कमधल्या एका शाळेचं उदाहरण देते, कारण ते थेट तुमच्या पहिल्या मुद्द्याचं उत्तर आहे. शाळेच्या एका बाजूने उंचावरचे रेल्वेचे रूळ जायचे, दर काही मिनिटांनी गाडी जायची आणि तेवढा वेळ बाईंना बोलणं थांबवायला लागायचं. अर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञांनी एका सहकाऱ्याबरोबर १९७५ मध्ये रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुलं आणि पलीकडच्या शांत बाजूची मुलं यांच्या वाचनाची तुलना प्रसिद्ध केली. शाळा एकच, अभ्यासक्रम एकच, पण सहावीपर्यंत येता येता आवाजाच्या बाजूची मुलं वाचनात जवळजवळ एक वर्ष मागे पडलेली होती. पुढे रुळांखाली रबराचे पॅड घातले, जास्त आवाजाच्या खोल्यांना आवाज शोषणारं छत बसवलं, आणि १९८१ च्या पाहणीत दोन्ही बाजूंमधला फरक उरलेला नव्हता. शिक्षक बदलून हे झालेलं नाही, छत आणि रूळ बदलून झालंय.

आणि लहान मुलांना आवाजाचा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त का होतो हेही सांगते, कारण हे पालकांना आणि बऱ्याच आर्किटेक्टनाही माहीत नसतं. गोंगाटात आपल्याला वाक्यातला एखादा शब्द ऐकू आला नाही तरी आपण मागच्यापुढच्या शब्दांवरून तो भरून काढतो, कारण भाषा आपल्याला येते. मूल अजून भाषाच शिकतंय, न ऐकलेला शब्द ते कुठून भरणार? गोंगाटातून बोलणं वेगळं काढायची क्षमता साधारण किशोरवयापर्यंत वाढत राहते. त्यात सर्दी झाली की लहान मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठणं अगदी कॉमन आहे, म्हणजे कुठल्याही दिवशी वर्गातली काही मुलं तात्पुरती कमी ऐकत असतात आणि ते कुणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून अमेरिकेतल्या वर्गांच्या ध्वनिमानकात रिकाम्या वर्गातला आवाज ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये आणि नेहमीच्या आकाराच्या खोलीत घुमण्याचा वेळ, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, ०.६ सेकंदाच्या आत असावा असं म्हटलंय. ही चैन नाही हो, बाईंचा शब्द तिसऱ्या रांगेतल्या मुलापर्यंत अख्खा पोचावा एवढीच अपेक्षा आहे, आणि त्याच बाईंवर पैसा घाला असं तुम्ही म्हणताय.

आता झाडाखालची शाळा. तुमचं हे उदाहरण मला मनापासून आवडतं, कारण तेही जागेच्या निवडीचंच उदाहरण आहे. झाड कुठलं, सावली कुठल्या वेळी कुठे पडते, जमीन कोरडी आहे का, जवळ पाणी आहे का, गाड्यांचा आवाज किती येतो, हे बघूनच कुणीतरी ते झाड निवडलेलं असतं. १९०४ मध्ये बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गला जंगलात एक शाळा सुरू झाली, आजारी आणि अशक्त मुलांसाठी, मोकळ्या हवेतली. वर्ग झाडांमध्ये भरायचे, पण पावसासाठी साध्या लाकडी शेड होत्या आणि तब्येतीकडे बघायला डॉक्टर होते. म्हणजे भिंती कमी केल्या आणि विचार मात्र वाढवला.

टॉयलेटबद्दल मी लेखात जास्तच लिहिलं असं तुम्हाला वाटलं. मला उलट वाटतं की अजून लिहायला पाहिजे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला लागल्याचं कळणं आणि होणं यात फार वेळ नसतो. टॉयलेट जर कॉरिडॉरच्या टोकाला असेल तर त्याला एकटं पाठवता येत नाही, मग बाई जातात आणि वर्ग मदतनिसावर, मदतनीस नसेल तर वर्ग कुणावरच नाही. दिवसातून असं किती वेळा होत असेल विचार करा, शिकवायचा वेळ तिथे जातो. मग हळूहळू शाळा ‘सगळ्यांनी रांगेत एकाच वेळी’ ही पद्धत सुरू करते, कारण दुसरं करणार काय, आणि मुलं एकतर लागलेली नसताना जातात किंवा लागलेली असताना दाबून धरतात, त्यातून बद्धकोष्ठता, लघवीचे त्रास, चड्डी ओली होणं, आणि त्याची लाज वेगळीच. टॉयलेट वर्गालाच जोडून असेल, दरवाजा अर्ध्या उंचीचा असेल म्हणजे बाईंना उभ्याउभ्या वरून दिसतं आणि मुलाला आडोसाही मिळतो, सीट २५-३० सेंटिमीटर उंचीवर, बेसिन पन्नासच्या आसपास, तर मूल स्वतः जाऊन, हात धुऊन परत येतं. बाई जागेवरून हलत नाहीत. नळाचा पाइप कुठून न्यायचा हे प्लॅन कागदावर असतानाच ठरलं तर यासाठी लागणारा जास्तीचा खर्च खूप कमी असतो, स्लॅब पडल्यावर ठरवलं तर मात्र फोडाफोडी.

हे शिक्षकांना विचारूनच कळतं. शिकागोजवळ विनेट्काला १९४० मध्ये क्रो आयलंड शाळा बांधली, सारिनेन पिता-पुत्र आणि पर्किन्स, व्हीलर, विल हे तिचे आर्किटेक्ट. डिझाइन करताना त्यांनी वर्गांत बसून मुलांना आणि शिक्षकांना बघितलं होतं. प्रत्येक वर्ग इंग्रजी एल आकाराचा, त्याला स्वतःचं टॉयलेट, स्वतःची कामाची जागा, स्वतःचं छोटं अंगण, छतं नेहमीपेक्षा खाली, लाइटची बटणं मुलांच्या हाताला येतील अशी, आणि सभागृहातल्या खुर्च्यासुद्धा पुढे छोट्या आणि मागे जात जात मोठ्या. इतकी वर्षं झाली तरी शाळा बांधणारे अजून ती बघायला जातात.

श्रीमंत शाळांपुरतं बोलणं, या मुद्द्याचं मला खरंच वाईट वाटलं. मुलांच्या मापाचं फर्निचर, मुलांच्या हाताला येणारी उघडी कपाटं, हे मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेंझो भागात सुरू केलं ते मजुरांच्या मुलांसाठी, गरीब कुटुंबांच्या चाळीसारख्या इमारतीतल्या एका खोलीत. ज्या मुलाच्या घरी जागा नाही, शांतता नाही, त्याला शाळेत ती मिळाली पाहिजे हाच तर मुद्दा आहे.

दाट वस्तीत जागा मिळत नाही हे मात्र खरं आहे, आणि तिथे मी फक्त ‘मोठी जागा घ्या’ म्हणत नाही. जागेच्या आकारापेक्षा तिची मांडणी जास्त बोलते. रस्त्याच्या बाजूला जिना, स्टोअर, ऑफिस ठेवा आणि वर्ग मागे न्या, म्हणजे मधल्या खोल्याच आवाज आणि धूर अडवतात. गेट थेट रस्त्यावर उघडू नका, आत मुलं-पालक उभे राहतील एवढी मोकळी जागा सोडा. सगळ्यात लहान मुलं तळमजल्यावर, थेट बाहेर दार उघडणाऱ्या खोल्यांत, यात तडजोड नको. १९०८ मध्ये क्लीव्हलँडजवळ कॉलिनवूडच्या शाळेला आग लागली तेव्हा मागच्या दाराशी, जिन्याखालच्या अरुंद जागेत मुलं एकावर एक अडकली, त्या आगीत १७२ मुलं गेली. खेळायला जागा नसेल तर टोकियोजवळच्या फुजी किंडरगार्टनचं लंबगोल छप्पर बघा, २००७ ची इमारत आहे, छप्परच मैदान आहे, मुलं त्यावर गोल गोल पळतात आणि आधीपासूनची झाडं छपरातून वर आलेली आहेत. किंवा ॲम्स्टरडॅम बघा, आल्डो व्हान आइक या आर्किटेक्टने १९४७ पासून पुढच्या तीसेक वर्षांत तिथे ७०० हून जास्त छोटी मैदानं केली, बरीचशी रिकाम्या राहिलेल्या तुकड्यांवर, दोन इमारतींच्या मधल्या फटीत. बाहेरची जागा शोधायला एवढी धडपड का करायची, तर चीनमध्ये ग्वांगझोऊच्या १२ शाळांत एक प्रयोग झाला, पहिलीच्या मुलांपैकी काही शाळांमध्ये रोज ४० मिनिटं जास्त बाहेर घालवायला लावली, आणि तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना लांबचं धूसर दिसण्याचा नंबर (मायोपिया) लागला होता, बाकीच्यांत ३९.५ टक्के. फक्त बाहेर जास्त वेळ घालवून.

काही जागा मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी नको. धुराचं उदाहरण घ्या, लहान मूल वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतं आणि त्याचं नाक सायलेन्सरच्या जवळ असतं. कॅलिफोर्नियात २००३ च्या कायद्याने मोठ्या वाहत्या हायवेपासून ५०० फुटांच्या आत नवीन सरकारी शाळेसाठी जागा घेण्यावर बंदी घातली, थोडे अपवाद सोडून. आणि शेजार कायमचा नसतो, तो बदलतो. वेल्समधल्या ॲबरफॅनला शाळा आधीची, तिच्या वरच्या डोंगरावरचा खाणीच्या कचऱ्याचा तो ढीग नंतरचा, आणि तो झऱ्यांवर रचलेला. २१ ऑक्टोबर १९६६ ला सकाळी तो घसरला, ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. लोकांनी त्याआधी तक्रारी केलेल्या होत्या. जपानमधल्या ओकावा प्राथमिक शाळेत ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत १०८ पैकी ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले, शाळा समुद्रापासून जवळजवळ ४ किलोमीटर आत, नदीकाठी, धोक्याच्या नकाशात पाण्याच्या हद्दीबाहेर दाखवलेली, आणि टेकडी अगदी मागेच. भूकंपानंतर सुमारे ५० मिनिटं मुलं मैदानात होती. पुढे कोर्टाने आधीची तयारीच अपुरी होती असं म्हटलं. त्या शिक्षकांना मुलांची काळजी नव्हती असं कोण म्हणेल? म्हणून ‘शिक्षक चांगला असला की झालं’ हे वाक्य मला पटत नाही, आपण त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर केवढं ओझं टाकतोय ते बघा.

मुलं नाजूक होतील, हा मुद्दा. मला मैदान सपाट, रबर घातलेलं, सगळं गुळगुळीत असं नकोच आहे. उंचवटे हवेत, चढता येईल असं झाड हवं, माती हवी, पाणी हवं. फरक एवढाच की फांदी किती उंच आहे हे मुलाला दिसतं, ते घाबरतं, अंदाज घेतं, खाली उतरतं, त्यातून शिकतं. पण ९ ते २३ सेंटिमीटरच्या फटीतून पाय आणि धड निघून जातं आणि डोकं अडकतं, हा धोका त्याला दिसू शकत नाही. दाराच्या बिजागरीच्या बाजूची फट, जिथे बोट चेंगरतं, तीही दिसत नाही. जुन्या रंगातलं शिसं तर कुणालाच दिसत नाही आणि लहान मुलं सगळं तोंडात घालतात. हे न दिसणारे धोके मोठ्यांनी काढायचे आणि दिसणारे मुलांकडे ठेवायचे.

आणि ‘आपण शिकलोच की’ म्हणताना आपण फक्त जे टिकले त्यांच्याबद्दल बोलतो. ज्याला पायऱ्या चढता येत नव्हत्या, जिला शाळेत टॉयलेट नव्हतं, ज्याला मागे बसून ऐकू येत नव्हतं, ती मुलं कधी गळली हे कुणी लिहून ठेवलं नाही, ती आज या चर्चेत नाहीयेत.

आता तुमची शाळा. पाडायची अजिबात नाही. आधी खोल्यांची अदलाबदल करा, सगळ्यात लहान वर्ग रस्त्यापासून लांबच्या बाजूला तळमजल्यावर आणा आणि रस्त्याच्या बाजूला ऑफिस, स्टाफरूम, स्टोअर न्या, याला पैसेही जवळजवळ लागत नाहीत. मग प्रत्येक रिकाम्या वर्गात उभं राहून एक टाळी वाजवा, आवाज घुमत राहिला तर छताला आणि मागच्या भिंतीला आवाज शोषणारे पॅनेल लावा, खुर्च्यांच्या पायांना रबराची टोपणं घाला. जिन्याला मोठ्यांच्या कठड्याखाली दुसरा कठडा, ६०-७० सेंटिमीटरवर. बेसिनसमोर पक्का, न हलणारा पाट. दारांच्या बिजागऱ्यांना फिंगर गार्ड. रंग खूप जुना असेल तर तपासल्याशिवाय घासू नका, कोरडा घासला तर शिशाची धूळ वर्गभर होते. एवढं झाल्यावर गुडघ्यांवर बसून गेटपासून वर्गापर्यंत आणि वर्गापासून टॉयलेटपर्यंत एकदा जा, चार वर्षांच्या मुलाची नजर साधारण तेवढ्याच उंचीवर असते, काय काय अडतं ते लिहून काढा.

शाळेचा हाताने काढलेला कच्चा नकाशा मला पाठवू शकलात तर नेमकं सांगता येईल, रस्ता कुठल्या दिशेला, जिने किती, टॉयलेटची पाइपलाइन कुठून जाते आणि लहान वर्गांतली मुलं किती, एवढं असलं तरी पुरे.