उंदराला मार्च एंडिंग कळत नाही

अभिनंदन! तुमचा औषध-संशोधनाचा प्रकल्प मंजूर झाला म्हणे. पेढे वाटा, पण जपून वाटा. मंजुरीचे पत्र आणि मंजुरीचे पैसे ही सख्खी भावंडे नव्हेत. लांबची चुलत आहेत आणि त्यांचे एकमेकांकडे फारसे जाणे-येणे नाही.

तोवर उंदरांचे बघा. एथिक्स कमिटीचा फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवर प्रयोग करू द्या असा अर्ज, भरा. त्यात विचारतील, इतकेच उंदीर का? ‘आमच्या सरांनीही इतकेच घेतले होते’ हे खरे उत्तर, पण ते लिहायचे नसते. सहा-सहाचे चार गट दाखवा आणि खाली संख्याशास्त्राचे एखादे सूत्र डकवून द्या. कमिटीत शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, प्राण्यांवरच्या प्रयोगांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय समितीचा प्रतिनिधी असतो आणि एक ‘सामाजिक भान असलेला’ बिगर-शास्त्रज्ञ सदस्य असतो. बाकीच्यांना ते भान असलेच पाहिजे अशी अट नाही. आमच्याकडच्या या सदस्याने एकदाच तोंड उघडले. म्हणाले, “हे झाल्यावर पेशंटला काय मिळणार?” खोलीत फक्त पंख्याचा आवाज. पुढच्या बैठकीचे पत्र त्यांना बैठकीनंतर पोचले.

तरी कमिटी हवीच, हे मी गंभीरपणे सांगतोय. कोणी विचारणारे नव्हते तेव्हा पिंजऱ्यांची काय दशा असायची, हे जुनी मंडळी आजही आवाज खाली आणूनच सांगतात.

कुत्रे किंवा माकड लागणार असेल तर फाइल थेट दिल्लीला, त्या केंद्रीय समितीकडे. तिथे घाई हवी असेल तर एकच खात्रीचा उपाय आहे, जागतिक महासाथ. २०२० मध्ये कोव्हॅक्सिनसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला माकडे हवी होती, तर राज्याने ३० माकडे पकडायची परवानगी दिली, २० माकडांवर अभ्यास झाला आणि वर्ष संपता संपता लस माणसांवरच्या चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यात होती. तुमचा विषय क्षयरोग किंवा सर्पदंश असेल, तर निवांत बसा. त्याने माणसे रोजच मरतात, त्यात घाई करण्यासारखे काय?

आता मुख्य सल्ला. उंदीर आधी आणू नका. आम्ही आणले. सहा आठवड्यांचे, पांढरे, लाल डोळ्यांचे, तुसात नाक खुपसून बसणारे. त्यांना बारा तास उजेड, बारा तास अंधार आणि अखंड एसी. (आमची पीएच.डी.ची मुले दुपारी त्याच खोलीच्या दाराशी ‘नोंदी करायला’ उभी असत.) प्रयोगाला उंदीर तरुण लागतो. पैसे आले फेब्रुवारीत, तोवर उंदीर सात महिन्यांचे झालेले, वयोमर्यादा ओलांडलेले. रजिस्टरमध्ये ‘निकाली काढले’ अशी नोंद झाली आणि नवे चोवीस मागवले. ‘कमीत कमी प्राणी वापरा’ हा नियम आम्ही तंतोतंत पाळला. पहिले चोवीस आम्ही वापरलेच नव्हते.

फेब्रुवारीत आलेले पैसे ३१ मार्चपर्यंत संपवायचे, उरले तर परत. एप्रिलमध्ये उंदीर खातील काय, हा प्रश्न वित्त विभागाला विचारू नका, ते तुमच्याकडेच संशयाने बघतात. आमच्या अॅनिमल हाउसच्या मामांनी दोन महिने खाद्य उधारीवर आणले. दुकानदार त्यांना विचारायचा, “मामा, उंदीर सरकारी आहेत ना? मग उधारी कशाला?”

खरेदीचेही शिकून घ्या. २०२२ च्या जुलैत संशोधन-साहित्यावरची ५ टक्के जीएसटीची सवलत गेली, १८ टक्के लागू लागले. मग संशोधन अनुदानावरही जीएसटी भरा, अशा नोटिसा संस्थांना गेल्या. त्यावर बोंबाबोंब झाली, तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने अनुदानावरचा कर माफ केला. आजीने हातावर ठेवलेला खाऊ आईने काढून घ्यावा आणि बाबांनी रागावून परत द्यावा, तसे. तोवर पोराची भूक गेलेली असते.

उंदीर नकोतच म्हणता? शाब्बास. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला २०१४ पासून बंदीच आहे. औषधांच्या नियमांतही मार्च २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि प्राण्यांऐवजी पेशींच्या चाचण्या, चिपवरचे अवयव (छोट्या चिपवर पेशी वाढवून केलेली अवयवाची नक्कल) यांना दार उघडले. आता त्या दारातून आत जा आणि चिपवरचे यकृत खरेदी पोर्टलवर शोधा. आमच्या पेशी एकदा ड्राय आइसमधून शुक्रवारी संध्याकाळी आल्या. गेटवर सही करायला कोणी नव्हते. ड्राय आइसचे पाणी होत नाही, थेट वायू होतो, त्यामुळे सोमवारी थर्माकोलच्या पेटीत पाणीसुद्धा नव्हते आणि पेशीही गेलेल्या होत्या. पेटी मात्र चांगली निघाली. मामा तिच्यात डबा ठेवतात.

आणि एवढ्या सगळ्या जाचाला कंटाळून नियमच मोडावासा वाटला, तर त्याचीही सोय आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम २० प्रमाणे त्या केंद्रीय समितीचा आदेश किंवा अट मोडल्यास दंड जास्तीत जास्त २०० रुपये. तेवढ्यात आमच्या कँटीनमध्ये दोघांचे जेवण होते, ताक सोडून. फक्त हा दंड खर्चाच्या कुठल्या हेडखाली टाकायचा, ते अकाउंट्सला आधी विचारून घ्या. ‘आकस्मिक खर्च’ मार्चमध्येच संपलेला असतो.