घर वशाट, म्हणजे मासे-मटण, खाणारं असतं, पण माशाची तुकडी कुणाच्या ताटात जाते?

श्रावण जवळ आला की सगळ्या ग्रुपवर तोच वाद सुरू होतो, माणसाला मांसाहाराची गरज आहे की नाही. एक पार्टी म्हणते आपले दात बघा, आतडी बघा, देवाने माणूस शाकाहारीच बनवलाय, मटण म्हणजे विष. दुसरी म्हणते मासे-मटण पोटात गेल्याशिवाय अंगात ताकद येत नाही, डाळभात खाऊन काय होतंय. मी मालवणकडची, माशांवरच वाढलेली, आणि मला दोन्ही पार्ट्यांचं पटत नाही. का ते जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

दातांचं आधी मिटवून टाकू. पंचवीस लाख वर्षांपूर्वीच्या जनावरांच्या हाडांवर दगडी हत्यारांनी मांस कापल्याच्या खुणा सापडल्यात, म्हणजे आपण आजच्यासारखे माणूस व्हायच्या कितीतरी आधीपासून पूर्वज मांस खातायत. पण ते खात आले म्हणून आपण खाल्लंच पाहिजे असंही होत नाही ना. आमच्याच गावात गाबीत, भंडारी, कुणबी यांची वशाट खाणारी घरं आहेत आणि ब्राह्मणवाडीत पिढ्यानपिढ्या माशाला हात न लावलेली घरं आहेत, हवा तीच, पाणी तेच, आणि नव्वदी गाठलेली माणसं दोन्हीकडे आहेत. आणि आम्ही स्वतःला मासेखाऊ म्हणवतो खरं, पण सोमवार शिवराक म्हणजे शाकाहारी, गुरुवार शिवराक, कुणाचा शनिवार, संकष्टी, एकादशी, वर अख्खा श्रावण आणि लगेच गणपती, कितीतरी घरं जवळपास अर्धं वर्ष कुळथाच्या पिठीवर आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यावरच काढतात. कुणाची ताकद गेली नाही.

तेव्हा मांस गरजेचं आहे का याचं माझं उत्तर नाही असंच आहे. शरीराला प्रोटीन, लोह, कॅल्शियम, बी-१२ ही सगळी लागतात, ती मटणातून येवोत नाहीतर डाळ-दुधातून. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की नीट आखलेला शाकाहार तब्येतीला पुरेसा होतो. पण तो नीट आखावा लागतो आणि तिथेच आपली बोंब आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन हवं, म्हणजे पन्नास किलो वजनाच्या बाईला रोज साधारण ४२ ग्रॅम. शंभर ग्रॅम कुळथात बावीसेक ग्रॅम असतं, शंभर ग्रॅम बांगड्यात वीसच्या आसपास. आकडा बघून कुळीथ जिंकला असं वाटेल, पण शंभर ग्रॅम कोरडे कुळीथ एका जेवणात कोण खातं? पिठीत माणशी दोन-तीन चमचे पीठ जातं, बाकी पाणी, कोकम आणि लसणीची फोडणी, आणि बांगडे मात्र बोलता बोलता दोन संपतात. मग शिवराक खायचं तर नुसत्या पिठी-भातावर भागवू नका, सोबत उसळ हवी, दही हवं, मूठभर शेंगदाणे हवेत.

बी-१२ बद्दल शाकाहारी मंडळींना हात जोडून सांगते, हे मनावर घ्या. कुठल्याच भाजीत किंवा डाळीत ते भरवशाचं नसतं, ते जिवाणू तयार करतात आणि आपल्यापर्यंत मासे, मांस, अंडी, दूध यातून पोचतं. लागतं किती तर रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, पण तेवढंही वर्षानुवर्षं मिळालं नाही की हातापायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं आणि घरचे म्हणतात वय झालं. टेस्ट करा, कमी असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी किंवा इंजेक्शन घ्या, त्यात कसला आलाय कमीपणा. मासे खाणाऱ्यांनीही फार निश्चिंत राहू नका, डायबेटिससाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ मासे खाऊनसुद्धा उतरू शकतं, आणि शुगरची गोळी आता आपल्याकडे घरटी एकाला तरी आहेच.

आणि तो मटण म्हणजे सिगरेट वाला फॉरवर्ड कृपा करून पाठवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, सलामी, हॅम असल्या प्रक्रिया केलेल्या मांसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं, त्याच गटात तंबाखू आहे म्हणून हा गोंधळ. गट सांगतो पुरावा किती पक्का आहे ते, धोका किती मोठा आहे ते नाही. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो. साधं मटण त्या खालच्या गटात आहे, म्हणजे शक्यता आहे पण पुरावा तेवढा पक्का नाही. महिन्यातून एकदा-दोनदा घरी शिजलेल्या मटणाला घाबरायचं कारण नाही, मुलांच्या डब्यात रोज सॉसेज देत असाल तर मात्र ते बंद करा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं. निम्म्याहून जास्त! आणि आपल्याकडे बायका वाद घालतात की आम्ही तर मासे खाणारे, आम्हाला कसला अॅनिमिया. बरं, मासे कोण खातं ते बघूया. इसवण, म्हणजे सुरमई, आणली की मधल्या जाड तुकड्या, रवा लावून तव्यावर कुरकुरीत केलेल्या, आधी पुरुषांच्या ताटात, मग पोरांच्या, त्यातही झिलाच्या, म्हणजे मुलग्याच्या, आधी. आई सगळ्यात शेवटी बसायची तेव्हा टोपात उरलेलं असायचं डोकं, शेपटीकडचा काटेरी भाग आणि तिरफळाच्या वासाचा रस्सा. माझ्यातली अर्धी घे म्हटलं की ठरलेलं उत्तर, "माका रसो पुरे गो, तुकडी झिलाक घाल." प्रेमानेच म्हणायची, तिची आईही तेच म्हणत असणार. पण रस्स्यातून लोह आणि प्रोटीन मिळतं ते नावापुरतं. अशा घराला अख्खा गाव मासे खाणारं घर म्हणतो आणि त्या घरातली बाई मात्र वर्षभर रस्सा-भातावर असते.

आयसीएमआरच्याच हिशोबाने पुरुषाला रोज १९ मिलीग्रॅम लोह लागतं आणि बाईला २९, कारण दर महिन्याला तिचं रक्त जातं. मासे-मांसातलं लोह भाजी-डाळीतल्यापेक्षा चांगलं शोषलं जातं, शिवाय ते ताटातल्या भाजीतलं लोहही अंगी लागायला मदत करतं. म्हणजे ज्या माणसाला त्या तुकडीचा सगळ्यात जास्त उपयोग आहे तिलाच ती मिळत नाही, आणि आपण वाद कसला घालतोय तर दातांचा. ज्या घरात खात नाहीत तिथेही हेच, उसळ शेवटी तळाला जी उरेल ती बाईची. जेवताना लिंबू पिळा, आवळा घ्या, जेवणावर लगेच चहा घेऊ नका, याने डाळ-भाजीतलं लोह जास्त मिळतं, पण आधी ताटात पुरेशी उसळ तरी पडू दे.

आणि हे सगळं महागाच्या इसवण-सरंग्यातूनच मिळतं असं नाही हो. पेडवे म्हणजे तुमची तारली, तिच्यात ओमेगा-थ्री नावाची चांगली चरबी भरपूर. मांदेली काट्यासकट चावून खाल्ली की कॅल्शियम मिळतं, तेच सुकटीचं, फक्त बीपी असेल तर खारवलेलं सुकं बेताने. खाडीत ओहोटीला बायका वाकून वाकून तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढतात ना, बी-१२ साठी त्यांच्या तोडीची अन्नं फार थोडी सापडतील. आणि आपण काय करतोय, पेडवे आले तर नाक मुरडतो आणि चिकन आणतो. किनाऱ्यावरची टनावारी तारली फिशमीलच्या, म्हणजे माशांची भुकटी करणाऱ्या, फॅक्टरीत जाते, तिथून कोळंबीच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात. माझा याला ठाम विरोध आहे, माणसाने खायचा मासा माणसाच्या ताटात आला पाहिजे.

एक सावधगिरीचं राहिलं. बाळंतिणीला दूध येण्यासाठी मोरी खायला घालायची आपल्याकडे पद्धत आहे. मोरी म्हणजे शार्कच, आणि मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठत जातो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ती टाळलेलीच बरी, त्याऐवजी बांगडे-पेडवे द्या.

शेवटी मुलांचं. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आणि न खाणाऱ्यांना केळं द्यायचं २०२३ च्या नोव्हेंबरात ठरलं होतं, २०२५ च्या जानेवारीत सरकारने अंड्याचा वेगळा निधी बंद केला आणि लोकसहभागातून करा म्हणून सांगितलं. ज्या मुलीला घरी तुकडी मिळत नाही तिला शाळेत मोजून एक अख्खं अंडं मिळायचं, शेजारी बसलेल्या भावाएवढंच. आमच्या शाळेच्या पालकसभेत मी हा विषय काढणार आहे. ज्यांना द्यायचं नाही त्यांच्या मुलांना केळं, जबरदस्ती कुणावर नाही. गावात ज्यांच्याकडे गावठी कोंबड्या आहेत आणि आठवड्याला थोडी अंडी देता येतील, किंवा केळीचे घड देता येतील, त्यांनी मला मेसेज करा, सभेच्या आधी यादी तयार पाहिजे.