तुझा देव कोणता?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, आपापलं पात्र घेऊन खेळायच्या खेळात तलवार कशी चालवायची हे नव्या खेळाडूला पाच मिनिटांत कळतं. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात कॅरेक्टर शीटवरचा, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावरचा, आकडा मिळवायचा, समोरच्याच्या आर्मर क्लासला, म्हणजे बचावाच्या आकड्याला, गाठलं की बसला घाव. जादूला थोडा जास्त वेळ लागतो, पण आगीचा गोळा म्हटलं की उरलेलं समजून घ्यायची तयारी आपोआप होते. घोडं अडतं ते क्लेरिकपाशी, म्हणजे देवाच्या कृपेने जादू करणाऱ्या पुजारी पात्रापाशी. कुणीतरी एक जण भिडेखातर क्लेरिक घेतो, कारण बाकीच्यांनी ‘तू आम्हाला हील कर’ असं परस्पर ठरवून टाकलेलं असतं. मग मी, म्हणजे डीएम (डंजन मास्टर, गोष्ट सांगणारा आणि खेळ चालवणारा), विचारतो, "तुझा देव कोणता?"

यावर मला मिळालेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर म्हणजे, "कंपल्सरी आहे का?"

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांत क्लेरिकला सात डोमेन, म्हणजे देवांची खाती, दिलेली आहेत: ज्ञान, जीवन, प्रकाश, निसर्ग, वादळ, कपट आणि युद्ध. अपेक्षा अशी की माणसाने आधी देव निवडावा आणि त्या देवाला शोभेल ते डोमेन घ्यावं. प्रत्यक्षात खातं आधी ठरतं, मंत्री मागाहून नेमला जातो. आमच्या क्लेरिकबाईंनी ‘जीवन’ घेतलं, कारण त्यात जड चिलखत घालायला मिळतं. मग त्या डोमेनमध्ये कोण बसतो ते बघितलं, तर पहाटेचा देव लथँडर सापडला. "चालेल," ती म्हणाली. "नाव बरं आहे." झाली दीक्षा.

तिला दोष तरी कसा द्यायचा? हा खेळ १९७४ मध्ये आला तेव्हा क्लेरिक होते, पण त्यांचे देव कोण, याचा पत्ता नव्हता. शिवाय त्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अगदी खालच्या पायरीवरच्या, क्लेरिकला एकही स्पेल, म्हणजे मंत्र, मिळत नसे. आधी निष्ठा सिद्ध करा, मग बघू. पुढे या खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सच्या स्वतःच्या टेबलावर क्लेरिकवाल्या खेळाडूंनी ‘आम्हाला नावगाव असलेला देव हवा’ म्हणून भुणभुण लावली, तेव्हा त्याने अर्धवट गमतीत दोन देव काढून दिले. एक सेंट कथबर्ट, जो न मानणाऱ्यांना सोट्याचे तडाखे देऊन पटवतो. दुसरा फोल्टस, ज्याचे भक्त इतके कट्टर की बाकीचे देव आहेत हेच त्यांना मान्य नाही. मला हे दोघे फार आवडतात. एका वाक्यात अख्खा देव कळतो, आणि तो कळल्याक्षणी भांडण सुरू करता येतं.

दुर्दैवाने मी आमच्या मंडळींना या खेळाच्या फर्गॉटन रेल्म्स या काल्पनिक जगात नेलं होतं, आणि तिथल्या देवांचं काही एका वाक्यात मावत नाही. विझार्ड, म्हणजे जादूगार, घेतलेल्याने सहज विचारलं, "जादूची देवी कोण रे?"

"मिस्त्रा."

"बरी आहे का?"

आता याला काय सांगणार? त्या जगाच्या कालगणनेत १३५८ साली एओ नावाच्या सर्वांच्या वरच्या देवाने भाग्याच्या पाट्या चोरीला गेल्या म्हणून सगळ्या देवांना वरून खाली माणसांत हाकललं. मिस्त्रा परत वर चढायला निघाली, तर स्वर्गाच्या जिन्यावर पहाऱ्याला ठेवलेल्या हेल्म देवाने तिला तिथेच मारलं. तिच्या जागी मिडनाइट नावाची एक मर्त्य बाई मिस्त्रा झाली. १३८५ साली तिलाही सिरिक नावाच्या देवाने मारलं. त्यानंतर ती पुन्हा परतली. त्याहीआधी, फार पूर्वी, मिस्त्रिल नावाची एक देवी होती, तिने...

"थांब," विझार्ड म्हणाला. "म्हणजे जिच्या जिवावर मी आगीचे गोळे टाकणार, तिच्याच जिवाची खात्री नाही? माझं पात्र नास्तिक आहे. लिहून घे."

नमनालाच घडाभर तेल गेलं होतं आणि खेळ अजून गावाच्या वेशीवरच होता.

या नास्तिकाने पुढे मला जो छळ दिला त्याला तोड नाही. एका लढाईत त्याच्या तीन बरगड्या मोडल्या, हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजायचे गुण, शून्यावर आले. क्लेरिकने देवाचं चिन्ह उंचावलं, मी रंगात येऊन वर्णन केलं: पहाटेचा गुलाबी उजेड तिच्या तळव्यातून झिरपतो, हाडं सांधली जातात, तू डोळे उघडतोस. सगळे गप्प. विझार्ड म्हणाला, "छान. पण याचा देवाशी काय संबंध? मार मुळात एवढा लागलाच नसेल." ज्या जगात पाचव्या लेव्हलचा स्पेल टाकून देवाला थेट प्रश्न विचारता येतात, तिथे हा माणूस उभा राहून थोतांड थोतांड करत होता. मी दमलो तेव्हा त्याने भूमिका किंचित बदलली: ते आहेत हे मान्य, पण देव म्हणवून घ्यायची त्यांची लायकी नाही. याला बोलायची सोय राहिली नाही, कारण याच खेळाच्या प्लेनस्केप या १९९४ च्या जगात नेमकं हेच म्हणणारा अथार नावाचा अख्खा पंथ आहे. त्याला ते ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही.

बाकीच्यांना देवांशी भांडणसुद्धा नव्हतं. त्यांच्या लेखी देव म्हणजे क्लेरिकच्या स्पेलचा पुरवठा. गरज सरो, वैद्य मरो. एकाच माणसाने अनेक देवांना वेळेप्रमाणे भजावं, ही तिथली रीतही त्यांच्या पचनी पडेना. समुद्राची देवी अंबर्ली अत्यंत दुष्ट आहे आणि खलाशी तिला भेट देतात ती निव्वळ ‘आम्हाला बुडवू नकोस’ म्हणून, हे मी बोटीत बसताना रंगवून सांगितलं. चोराचं पात्र घेतलेला म्हणाला, "मला पोहता येतं."

माझं मत विचाराल तर नव्या खेळाडूला देवांची वंशावळ, सणवार आणि देवळांचे नकाशे यांतलं काहीही देऊ नये. देव काय देतो हेही फारसं सांगू नये, ते कॅरेक्टर शीटवर असतंच. देवाने काहीतरी मागावं, तेही गैरसोयीच्या वेळी. पण हे ठरवून करता येत नाही. आमच्याकडे ते एका कडीमुळे झालं.

मजल दरमजल करत मंडळी दहाव्या लेव्हलला पोचली. २०१४ च्या नियमांत या लेव्हलला क्लेरिक देवाला प्रत्यक्ष धावून ये म्हणू शकतो. त्यासाठी शंभराचे फासे टाकायचे आणि येणारा आकडा आपल्या लेव्हलइतका किंवा त्याहून कमी हवा. म्हणजे दहात एकदा देव येतो, नऊदा येत नाही. ही हाक माणूस कशासाठी राखून ठेवेल? ड्रॅगनसाठी, मित्राच्या मरणासाठी. आमच्या लोकांपुढे एक लोखंडी दार आलं. चोराची कुलपं उघडायची हत्यारं नदीत वाहून गेलेली, विझार्डकडे योग्य स्पेल नाही. क्लेरिक म्हणाली, "मी देवाला बोलावते." फासे टाकले. सात.

टेबलावर जल्लोष. मी खुर्चीवरून उठलो, आवाज खर्जात नेला, भुयारात पहाट उगवली, आणि साक्षात लथँडरने येऊन कडी काढली.

"आलाच आहेस तर," चोर देवाला म्हणाला, "पलीकडे दोन ट्रोल आहेत, तेवढं बघून घे ना."

त्या क्षणी देव चिडला की मी, हे आता सांगता येणार नाही. लथँडरने जाता जाता फर्मान सोडलं: पुढचा महिनाभर, सूर्य मावळल्यावर माझ्या सेविकेने एक पाऊलही प्रवास करायचा नाही. केला तर स्पेल बंद. आणि अमावास्येच्या आत त्यांना शत्रूचा किल्ला गाठायचा होता.

ज्या लोकांनी कधी देवाचं नाव धड उच्चारलं नाही, ते रात्री उशिरापर्यंत धर्मशास्त्रावर भांडू लागले. मावळणं म्हणजे नेमकं काय? डोंगराआड गेलेला सूर्य धरायचा की नाही? भुयारात सूर्यच दिसत नाही, तिथे रात्र असते का? अखेर नास्तिकाने तोडगा काढला. त्याला कुठल्याच देवाचा नियम लागू नसल्याने रात्री गाडी तो हाकणार. क्लेरिक आत झोपेल. ती पाऊल टाकत नाही, प्रवास गाडी करते.

"हे चालणार नाही," मी म्हणालो.

"तू कोण सांगणार? देवाला विचारू," क्लेरिक म्हणाली आणि तिने तो पाचव्या लेव्हलचा स्पेल टाकला. तीन प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. "झोपलेला माणूस प्रवास करतो का?"

हो म्हटलं तर कॅम्पेन, म्हणजे आमची अख्खी मोहीम, तिथेच संपत होतं, नाही म्हटलं तर शापाला काही अर्थ उरत नव्हता. मी नियम उघडले. देव सर्वज्ञ असेलच असं नाही, तेव्हा नक्की सांगता येत नसेल तर तसं कळवायची मुभा त्यात आहे. मी खर्ज लावून म्हणालो, "निश्चित सांगता येत नाही."

सगळे क्लेरिककडे बघू लागले. विझार्ड मात्र खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "मी पहिल्या दिवसापासून काय सांगतोय?"