अजून उन्हाळा संपलेला नाही!

आज दुकानात पाऊल टाकलं आणि डोकंच फिरलं. बाहेर ८० डिग्री (भारतातल्या मंडळींसाठी, साधारण सत्तावीस), लख्ख ऊन, आणि दारातच प्लॅस्टिकचे सांगाडे रांगेत उभे! भुताखेतांचा तो हॅलोवीन ३१ ऑक्टोबरला. आज सप्टेंबरची १० तारीख. बिल करणारी मुलगी म्हणते, संपला की समर. संपला कुठे? शरद संपात, म्हणजे इथला उन्हाळा अधिकृतपणे संपण्याचा दिवस, २२ तारखेला आहे. उरलेले दिवस कोणाच्या खात्यात टाकायचे?

गेल्या वर्षी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी इथे शिकागोला आली होती. दुपारी चार वाजले की डेकच्या पायरीवर, उन्हाकडे पाठ करून बसायची. जन्मभर जिने ऑक्टोबर हीटमध्ये सावली शोधली, ती बाई! मी लॅपटॉप घेऊन आत बसलेली असायचे, तर हाक मारायची, "हे ऊन परतीला लागलंय गं. ये, बसून घे."

परतीलाच लागलंय. या महिन्यात इथे दिवस रोज जवळजवळ तीन मिनिटांनी आखूड होतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की साडेचारच्या सुमारास सूर्य मावळायला लागतो. हे दरवर्षी होतं, सगळ्यांना पाठ आहे, आणि तरी आपली मंडळी आत्ताचे शनिवार कुठे घालवतात? मोठ्या दुकानांच्या रांगेत नाहीतर कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये. मग जानेवारीत सगळ्यांना डिप्रेशन आणि व्हिटॅमिन डी!

थंडीची तयारी करावी लागते, मान्य. घर तापवणारी फर्नेस तपासून घ्यायची असते. होते ती एका दिवसात.

लेक मिशिगनवर जाऊन बघा. तळं उशिरा तापतं आणि उशिरा निवतं, त्यामुळे जूनमध्ये पाय गोठवणारं पाणी आत्ता छान असतं. पण सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा लेबर डे झाला की लाइफगार्ड जातात आणि गर्दीही जाते. लाइफगार्ड नसताना पोहू नये, बरोबरच आहे, पण काठावर बसायला कोणी अडवलंय? तळ्याकाठच्या मॉन्ट्रोज भागात या दिवसांत दक्षिणेला निघालेले पक्षी उतरतात. मोनार्क फुलपाखरं मेक्सिकोच्या वाटेला लागलेली असतात. तो एवढासा जीव वाटेत थांबून गोल्डनरॉडच्या पिवळ्या फुलांवर मध पिऊन घेतो, आणि आपल्याला वेळ नाही.

ऑक्टोबरात मात्र सगळे गाड्या काढून 'कलर्स', म्हणजे पानांचे बदललेले रंग, बघायला विस्कॉन्सिनला पळणार. रंग सुंदर असतात, नाही म्हणत नाही. पण आत्ताच्या या साध्या, हिरव्या, उबदार दिवसाचा फोटो कोणी टाकलेला मला तरी दिसला नाही.

आईचंच पुन्हा सांगते. ऑक्टोबरच्या मध्यावर फ्रॉस्टचा इशारा आला, तशी ती टोपली घेऊन अंगणात गेली आणि झाडावरचे सगळे हिरवे टोमॅटो उतरवले. देठाचा तो उग्र हिरवा वास तिच्या बोटांना रात्रीपर्यंत होता. लोखंडी तव्यावर टोमॅटोच्या फोडी काळे डाग पडेपर्यंत परतल्या, मिरच्या आणि लसूण टाकला, दाण्याचं कूट, तीळ, चिमूटभर गूळ. वाटताना म्हणाली, "एवढं ऊन खाल्लंय यांनी, टाकायचं कसं?"

गुडघ्यांमुळे यंदा तिला प्रवास झेपणार नाही. फोनवर पहिला प्रश्न असतो, "ऊन आहे का गं अजून?" आहे, आई. पायरीवर बसूनच बोलतेय.

चिडून लिहायला बसले होते, आता राग गेला. तर मंडळी, उद्या आम्ही मागच्या अंगणात शेगडीवर कणसं भाजतोय. लिंबू, तिखट, मीठ तयार आहे. काही करून आणू नका, मुलांना घेऊन या. सूर्यास्त सात-दहाच्या आसपास आहे, म्हणून साडेपाचलाच या.