एजंट क्षमस्व

कर्वेनगरमधला आमचा टू बीएचके विकायचं ठरलं, तेव्हा छोट्या जाहिरातीच्या शेवटी मी ठसक्यात 'एजंट क्षमस्व' असं घातलं. पुण्यातल्या एजंटांवर याचा एकच परिणाम होतो. ते सातऐवजी साडेसहाला फोन करतात. गिऱ्हाईक म्हणून बोलणारा माणूस तिसऱ्या वाक्याला 'पार्टी रेडी आहे' म्हणाला, की समजून घ्यायचं.

"एवढे फोन येतायत, तर त्यातलाच एक धरा," ही म्हणाली. "पण पारखून."

पहिले आले ते सोसायटीतलेच एक निवृत्त काका. ते हे काम समाजसेवा म्हणून करतात. सेवेचा दर दोन टक्के, तोही दोन्ही पार्ट्यांकडून. म्हणजे ऐंशी लाखांच्या घरावर तीन लाख वीस हजारांची सेवा!

दुसरा टाय लावून आला. बसायच्या आधी प्रमाणपत्र काढलं. महारेराने, म्हणजे बांधकाम क्षेत्रावरच्या सरकारी नियामकाने, २०२३मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, ती हा पास झाला होता. मार्कही सांगितले. आमचं घर मात्र त्याने पाहिलंच नाही. त्याला आम्हालाच बालेवाडीत नवा थ्री बीएचके विकायचा होता.

तिसऱ्याचं झेरॉक्सचं दुकान. पाटीवर भाडेकरार, लॅमिनेशन आणि जागा खरेदी-विक्री एकाच ओळीत. मी आवाज चढवून महारेराचा नोंदणी क्रमांक विचारला.

"तो नव्या प्रोजेक्टला लागतो, काका. तुमची बिल्डिंग ९४ची." वर हे बरोबरही होतं. मग त्यानेच माझी तोंडी परीक्षा सुरू केली. "इंडेक्स टू आहे? शेअर सर्टिफिकेट नावावर झालंय? सोसायटीचं कन्व्हेयन्स? लिफ्ट?" लिफ्टला मी मान खाली घातली. वधूपरीक्षेत मुलीला काय वाटत असेल, ते तेव्हा कळलं.

हाच बरा, असं आमचं ठरलं. टक्केवारीचं मात्र लोंबकळतच राहिलं.

रविवारी तो एक जोडपं घेऊन आला. फोनवर त्याने आमचे ६४० फूट कार्पेट (भिंतींच्या आतली जागा) जिना-पॅसेज धरून 'नऊशे सेलेबल' करून टाकले होते. किंमत कार्पेटवर बोलायची सोडून हे सेलेबल पुण्यात अजून कोण जगवतं, ते तेव्हा समजलं. गिऱ्हाईक गप्प. वहिनी तर दारातच कपाळाला आठ्या घालून उभ्या. "टॉयलेट ईशान्येला आहे का हो?"

मी कबूल करणार, तेवढ्यात एजंटाने मोबाइलवर होकायंत्र उघडलं आणि सहज सरकत आमच्या गोदरेजच्या कपाटाला चिकटून उभा राहिला. सुई थरथरली, वळली. "हे बघा वहिनी, वायव्य." लोखंडापुढे दिशांचं काही चालत नाही.

मग त्याने हुकमाचं पान टाकलं. "आणि घर वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट. ऐंशी हजार वाचतात." वहिनी पहिल्यांदा हसल्या. नवरा तेवढाच गंभीर झाला.

'घरी विचारून सांगतो' म्हणत दोघं जिना उतरले. एजंट मागे रेंगाळला.

"काका, हे घेणार बरं का. आपलं दोन टक्क्यांचं ठरलं ना?"

"एक."

"दीड करा."

"एक!" स्वयंपाकघरातून आवाज आला.