महापौर पुन्हा उभे आहेत

महापौरपदाची खुर्ची रिकामी असताना होणारी निवडणूक आणि त्या खुर्चीत बसलेले गृहस्थ पुन्हा तिच्यासाठीच उभे राहतात तेव्हा होणारी निवडणूक, या दोन्हींना निवडणूकच म्हणत असले, तरी मतदाराच्या जिवाला होणारा त्रास अगदी वेगवेगळा असतो. पहिल्या प्रकारात सगळेच उमेदवार भविष्याविषयी थापा मारत असतात. त्या शांतपणे ऐकायच्या, त्यातली त्यात सुसह्य वाटेल ती निवडायची आणि मोकळे व्हायचे. दुसऱ्या प्रकारात मात्र गेल्या चार वर्षांचा हिशेब मांडला जातो आणि तो तपासायला परीक्षक म्हणून आपल्याला बसवले जाते. ज्या शहरांत नगरसेवक आपसांतच महापौर ठरवून टाकतात, तिथल्या नागरिकांना या मानाच्या जागेची कल्पना येणार नाही. आमच्याकडे महापौर थेट मतदार निवडतात, त्यामुळे दर चार वर्षांनी हा मान आम्हाला चुकवता येत नाही.

परीक्षक व्हायला माझी हरकत नव्हती. अडचण एवढीच, की या परीक्षेत पेपर तपासायला घेतल्यावरही उमेदवार तो लिहीतच असतो. आमच्या गल्लीतला पथदिवा हे त्याचे उदाहरण. हा दिवा बंद पडला तेव्हा मी रीतसर तक्रार नोंदवली, मला तक्रार क्रमांक मिळाला आणि त्यानंतर तो क्रमांक सांभाळून ठेवणे एवढेच माझ्या हाती उरले. अधूनमधून मी फोन करून चौकशी करीत असे आणि पलीकडचा आवाज ‘तक्रार प्रक्रियेत आहे’ असे सांगत असे. दिव्याशिवाय जगायची आम्हाला इतकी सवय झाली, की अंधारात त्या खांबाला वळसा घालणे पायांना आपोआप जमू लागले. आणि महापौरांनी फेरनिवडणुकीची घोषणा केल्यानंतर लवकरच एका सकाळी उंच शिडीची गाडी आली, तिच्यातून फ्लुरोसंट जाकिटे घातलेली माणसे उतरली आणि त्यांनी जुन्या पिवळ्या दिव्याच्या जागी असा काही पांढराशुभ्र एलईडी बसवला, की त्या रात्री माझ्या शयनगृहात दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येऊ लागले. पडदा लावून पाहिला. प्रकाश पडद्याच्या कडेने आत आला. पलंग फिरवून पाहिला; प्रकाशानेही जागा बदलली. आता याची तक्रार कोणत्या तोंडाने करायची? काम होत नाही, अशी तक्रार लिहिण्यासाठी अर्जात रकाना असतो. काम फार झाले, यासाठी नसतो.

झोप उडाल्यामुळे रात्रीचे वाचन वाढले आणि या निमित्ताने, पदावर असलेले महापौर मतदारांनी कशावरून राखले आणि कशावरून घालवले, याचा इतिहास मी त्या फुकटच्या उजेडात वाचून काढला. अर्थकारण, शिक्षण, घरबांधणी अशा भारदस्त कारणांची मला अपेक्षा होती. प्रत्यक्षात पहिलेच कारण निघाले बर्फ. शिकागोत जानेवारी 1979 मध्ये प्रचंड हिमवादळ झाले, रस्ते मोकळे होईनात, आणि शहराच्या उन्नत रेल्वेने वेळ सावरण्यासाठी जी स्थानके गाळली, ती बरीचशी कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतली निघाली. फेब्रुवारीअखेरीस पक्षाचा उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक होती आणि मायकेल बिलँडिक या विद्यमान महापौरांना जेन बर्न यांनी हरवले. बर्न पुढे त्या शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. निवडणूक उन्हाळ्यात असती तर काय झाले असते, हा प्रश्न बिलँडिक यांना आयुष्यभर पडला असावा. चार वर्षांनी बर्न याही प्राथमिक निवडणुकीतच हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांच्याकडून हरल्या. त्या वेळी मात्र बर्फावर बोट ठेवण्याची सोय नव्हती.

न्यूयॉर्कच्या जॉन लिंडसे यांची गोष्ट याहून बोधप्रद आहे. फेब्रुवारी 1969 च्या हिमवादळानंतर क्वीन्स भागातले रस्ते कित्येक दिवस तसेच पडून राहिले आणि महापौर समाचाराला गेले, तेव्हा लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत ते हरले. नंतर त्यांनी दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीत, बर्फाचा अंदाज आपला चुकला, असे चक्क स्वतःच्या तोंडाने सांगितले आणि लिबरल पक्षाच्या उमेदवारीवर नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा निवडून आले. आमच्या महापौरांच्या प्रचारसल्लागारांच्या वाचनात हे प्रकरण बहुधा आलेले नाही. त्यांच्या मते आमच्या शहरात या चार वर्षांत जे जे चुकले, ते सगळे आधीच्या महापौरांनी जाण्यापूर्वी पेरून ठेवले होते. न्यूयॉर्कचेच एड कॉच रस्त्यात भेटेल त्याला ‘माझं कसं काय चाललंय?’ असे विचारत. 1977 साली निवडून आलेल्या या गृहस्थांनी तीन कारकिर्दी हा प्रश्न विचारला, आणि 1989 मध्ये चौथ्यांदा उभे राहिले तेव्हा प्राथमिक निवडणुकीत डेव्हिड डिंकिन्स यांना मते देऊन लोकांनी एकदाचे उत्तर दिले.

माझ्याकडे मात्र हा प्रश्न रोज येतो आणि उत्तर दिल्याशिवाय जात नाही. सकाळी तो पत्रपेटीतून येतो. महापौरांच्या प्रचारपत्रकाचा कागद इतका गुळगुळीत असतो, की त्यावर ना यादी लिहिता येते ना तो रद्दीत नीट दुमडता येतो. पहिल्या पानावर डोक्यावर शिरस्त्राण घातलेले महापौर दूरवर कुठे तरी बोट दाखवत आहेत आणि शेजारचा अभियंता त्या बोटाकडे पाहतो आहे. आत ‘झालेली कामे’ आणि ‘होणारी कामे’ अशी दोन पाने आहेत. विद्यमान उमेदवाराची खरी कसरत या दोन पानांच्या मध्ये, जिथे टाचणी मारलेली असते, तिथे चालते. शहराचा कायापालट झाला आहे, असे त्याला ठणकावून सांगावे लागते. पण कायापालट पुरा झाला असेल, तर आता त्याची गरज काय, असे कुणी विचारेल. म्हणून कामे अपुरी आहेत, असेही सांगावे लागते. पण ती अपुरी आहेत, तर चार वर्षे केले काय, असे कुणी विचारेल. आमच्या महापौरांनी यावर ‘पाया रचला गेला आहे’ असा तोडगा काढला आहे. पायाचे बरे असते. तो जमिनीखाली असतो आणि कुणाला दाखवावा लागत नाही.

दुपारच्या टपालाने प्रमुख प्रतिस्पर्धी बाईंचे पत्रक येते. त्यांचा कागद खरखरीत आणि छायाचित्रे कृष्णधवल असतात. एकदा मी दोन्ही पत्रके शेजारी शेजारी ठेवली आणि माझ्या लक्षात आले, की दोन्हींत आमच्याच चौकातला तो एक रस्ता आहे. महापौरांच्या पत्रकात तो रंगीत आहे, आकाश निळे आहे आणि एक मूल सायकल चालवत आहे. बाईंच्या पत्रकात तोच रस्ता राखाडी आहे, खड्डा अग्रभागी आहे आणि त्याच्या काठावर कुणाची तरी एकटी चप्पल पडलेली आहे. मी मुद्दाम जाऊन पाहून आलो. खड्डा आहे, परंतु छायाचित्रकाराला त्यासाठी जमिनीवर पालथे पडावे लागले असणार. निळे आकाशही आहे, पण त्याचे श्रेय कोणत्याच उमेदवाराला देता येत नाही.

संध्याकाळी तोच प्रश्न दारात उभा राहतो. महापौरांच्या बाजूने एक नम्र तरुण हातात टॅबलेट घेऊन आला आणि म्हणाला, “काका, एकच मिनिट घेतो. आपल्या भागात झालेल्या कामांबद्दल तुम्ही समाधानी आहात ना?”

मी दिव्याचे सांगितले. आधी अंधार होता, आता झोप येत नाही, असे सविस्तर सांगितले. त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि मला वाचता येईल अशा बेताने टॅबलेटवर नोंद केली : ‘पथदिवा. लाभार्थी.’

दुसऱ्याच दिवशी बाईंच्या बाजूची एक उत्साही मुलगी आली. तिलाही मी तेच सांगितले, कारण तोवर सगळी हकिगत मला पाठ झाली होती. तिने डोळे विस्फारले, ‘प्रकाश-प्रदूषणाचे बळी’ असे लिहून घेतले आणि खिडकीपाशी जागरण केलेल्या चेहऱ्याने उभे राहिलात तर एक छायाचित्र काढते, असे सुचवले. चेहरा अस्पष्ट करू, असे आश्वासनही दिले. मी नम्रपणे नकार दिला. लाभार्थी आणि बळी यांखेरीज तिसरा एखादा रकाना असतो का, असे मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “असतो ना काका. ‘अनिश्चित’. पण मग आम्हाला परत परत यावं लागतं.”

ती खोटे बोलत नव्हती. ‘अनिश्चित’ ही नोंद एकदा झाली, की त्या माणसाचे दार, दूरध्वनी आणि दुपारची झोप ही सार्वजनिक मालमत्ता होते. जेवायला बसले, की यंत्राचा आवाज सर्वेक्षणाला येतो. ‘विद्यमान महापौरांच्या कामगिरीवर आपण अत्यंत समाधानी असाल तर एक दाबा,’ इथपर्यंत ते ठीक असते. पुढचा प्रश्न ‘महापौरांनी शहराचे वाटोळे केले आहे हे समजल्यावर आपले मत बदलेल का?’ असा आला, की हे सर्वेक्षण कुणी करवले आहे, याचा उलगडा होतो. उलट बाजूच्या यंत्राला ‘अनुभवी हातांतून शहर अननुभवी हातांत गेल्यास आपणास भीती वाटेल का?’ याची चिंता असते. मला दोन्ही यंत्रांची भीती वाटते, पण त्यासाठी आकडा दिलेला नसतो.

इतर शहरांतल्या मतदारांचे तरी बरे आहे की काय, म्हणून मी पुन्हा वाचनाकडे वळलो, तर तिथेही सुख नव्हते. मायकेल ब्लूमबर्ग यांनी 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या नगर परिषदेकडून दोन मुदतींची मर्यादा तीनवर नेली, पुढच्या वर्षी स्वतःचे 10 कोटी डॉलरहून अधिक उधळले आणि इतके करून ते पाच टक्क्यांहूनही कमी फरकाने निवडून आले. एवढ्या पैशांची पत्रके कुणाच्या पत्रपेटीत गेली असतील, या विचाराने माझे मन त्या अज्ञात मतदारासाठी कळवळले. सॅन फ्रान्सिस्कोत मतदाराला दहा उमेदवारांपर्यंत पसंतीक्रम देता येतो आणि 2024 मध्ये विद्यमान महापौर लंडन ब्रीड या पद्धतीच्या मोजणीत डॅनियल लुरी यांच्याकडून हरल्या. दहा जणांना क्रम लावायचा म्हणजे दहा जणांची पत्रके वाचायची. त्यापेक्षा मी बर्फ उपसणे पत्करीन. टोरांटोत 2023 च्या पोटनिवडणुकीत तर मतपत्रिकेवर 102 नावे होती. लंडनमध्ये डोक्यावर कचऱ्याची पेटी चढवून काउंट बिनफेस या नावाने एक उमेदवार उभा राहतो. 2024 मध्ये तोही होता आणि सादिक खान तिसऱ्यांदा निवडून आले.

सर्वांत चिकाटी मात्र न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराचे महापौर बायरन ब्राऊन यांची. 2021 च्या जूनमध्ये पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत इंडिया वॉल्टन यांनी त्यांना हरवले, त्यामुळे नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर त्यांचे नाव छापलेच जाणार नव्हते. नाव हाताने लिहून मत देण्याची तिथे मुभा आहे. पण मतदाराच्या हस्ताक्षरावर आणि शुद्धलेखनावर भरवसा कोण ठेवणार? ब्राऊन यांच्या लोकांनी त्यांच्या नावाचे रबरी शिक्के करून मतदारांना वाटले आणि ते निवडून आले. पदावरच्या माणसाच्या हातून दुसरे काही सुटले, तरी शिक्का सुटत नाही, असे म्हणतात ते उगाच नव्हे. आमच्या महापौरांना मी हे कळवणार नाही. घरात शिक्का ठेवायला जागा नाही.

मतदान अखेर पार पडले. केंद्रावर माझ्या पुढे फारशी रांग नव्हती. शिकागोतही 2023 च्या पहिल्या फेरीत नोंदणीकृत मतदारांपैकी एक तृतीयांशाहून थोडेसेच अधिक लोक आले होते आणि विद्यमान महापौर लोरी लाइटफूट नऊ उमेदवारांत तिसऱ्या आल्या होत्या. मी कुणाला मत दिले, ते सांगणार नाही, एवढे मात्र सांगतो, की आतली मतपेटी हीच त्या सबंध मोसमात मला एकही प्रश्न न विचारणारी पहिली वस्तू होती. घरी येऊन मी दूरध्वनीचा आवाज सुरू केला, पत्रके एकत्र बांधली आणि प्रचाराचे पर्व संपल्याच्या आनंदात खिडकीसाठी जाड काळ्या कापडाची मापे घ्यायला बसलो.

निकाल रात्री लागला. आमच्याकडेही शिकागोसारखाच नियम आहे : निम्म्याहून अधिक मते कुणालाच मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. महापौर पहिले आले होते, बाई दुसऱ्या, आणि निम्म्याच्या आसपासही कुणी पोहोचले नव्हते. सकाळी दारावर एकाच वेळी दोन थापा पडल्या. बाहेर तो नम्र तरुण आणि ती उत्साही मुलगी, ‘तुम्ही आधी बोला’, ‘नाही, तुम्ही आधी’, असा एकमेकांना आग्रह करीत उभे होते. मी दोघांनाही आत बोलावले, समोरासमोर बसवले आणि माझ्या वाट्याचे सगळे प्रश्न त्यांनी एकमेकांनाच विचारावेत, अशी विनंती करून आतल्या खोलीत झोपायला गेलो. दिवसा पथदिवा बंद असतो.