सहा सेकंदांचा रविवार

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या, काल्पनिक लढायांच्या खेळात एक राउंड, म्हणजे सगळ्यांचा एकेकदा नंबर, सहा सेकंदांचा. तसं नियमपुस्तकात छापलंय. परवाच्या रविवारी आमचे चार राउंड झाले. समोरच्या गोब्लिनांच्या, म्हणजे बुटक्या राक्षसांच्या, घड्याळात चोवीस सेकंद, माझ्या घड्याळात पावणेचार ते साडेसात. आणि त्यातल्या एका राउंडात मी स्कूटर हलवायला खाली गेलो असताना माझा नंबर परस्पर उरकून टाकला. मी ते विसरलेलो नाही.

खेळ समजावत बसत नाही. चार कमावती माणसं कोथरूडमधल्या एका हॉलमध्ये जमतात, एक जण डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, होऊन राक्षस हलवतो, बाकीचे लढतात, आणि वार लागला की हुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. छोट्या मूर्ती महाग, म्हणून आम्ही कॅरम काढतो. काळ्या सोंगट्या गोब्लिन, स्ट्रायकर म्हणजे ओग्र हा धिप्पाड राक्षस, आणि मी, नखशिखांत चिलखत घातलेला फायटर, राणी. रंग मी निवडलेला नाही.

पांढऱ्या सोंगट्या डबीत होत्या तोवर बरं चाललं होतं. मग आमच्या ड्रुइडने, म्हणजे रानातल्या मांत्रिकाने, 'कॉन्ज्युअर ॲनिमल्स' हा प्राणी बोलावायचा मंत्र टाकला. २०१४च्या नियमांत या एका मंत्रातून आठ लांडगे मिळतात, म्हणजे आठ पांढऱ्या सोंगट्या. प्रत्येक लांडगा आठ घरं चालणार, प्रत्येक चावणार. सावजाशेजारी आपलं आणखी कुणी असेल तर फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा, आणि आठ लांडगे सुटल्यावर शेजारी कुणी नाही असं होतंय कुठे! वर, चावा लागला की समोरचा आडवा पडतो का यासाठी वेगळा फासा. हे सगळं तो एकाच निळ्या फाशाने करतो, कारण तो 'लकी' आहे. तो फासा दिवाणाखाली गेला की खेळ थांबतो. मी माझे फासे पुढे केले तर म्हणाला, "नको रे, तुझे फासे म्हणजे नुसते दोन आणि तीन."

सोफ्यावर डीएमचे बाबा बसले होते. सहकारी बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेत; निवृत्ती फक्त कागदावर. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं,

"ही राणी कोण?"

"मी, काका."

"काय करतोयस तू?"

"थांबलोय. नंबर यायचाय."

"कधी?"

"लांडग्यांनंतर."

काकांनी चष्मा सारखा करून लांडगे मोजले. "आमच्या बँकेत शेवटच्या टोकनवाल्यालासुद्धा दुपारच्या आत मोकळा करायचो," म्हणाले, आणि लग्नपत्रिकेच्या रिकाम्या पाकिटावर काहीतरी लिहायला लागले.

थोड्या वेळाने पुन्हा, "गोब्लिन किती गेले?"

"नऊपैकी पाच."

"मग उरलेले चार पळून का जात नाहीत?"

डीएम म्हणाला, "बाबा, ते गोब्लिन आहेत."

"म्हणजे अक्कल नसते त्यांना?"

डीएम प्रामाणिक आहे. त्याने पुस्तक उघडून पाहिलं. "इंटेलिजन्स दहा."

"दहा म्हणजे?"

"साधारण माणसाइतकी."

"मग पळायलाच हवेत! साधारण माणूस इथे थांबला असता का?"

मला उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. कारण १९८१च्या बेसिक नियमांत नेमकं हेच होतं. शत्रूंपैकी पहिला मेला की, आणि पुढे निम्मे गारद झाले की, डीएमने दोन फासे टाकून त्यांचा धीर तपासायचा. धीर सुटला की ठोकली धूम, लढाई संपली, चहा. आता हे डीएमच्या मर्जीवर आहे आणि आमच्या डीएमचे गोब्लिन शेवटच्या सोंगटीपर्यंत झुंजतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ आणला तोच मुळी सैनिकांच्या युद्धखेळातून, त्यामुळे मारामारी त्याच्या रक्तात आहे हे मान्य. पण पुढच्या 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीत राउंड चांगला मिनिटभराचा असायचा. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तो सहा सेकंदांवर आला. राउंड आखडला, रविवार लांबला.

तर, तिसऱ्या राउंडात इंटरकॉम वाजला. गेटसमोरची स्कूटर काढा. धावत गेलो, धावत आलो. बोर्डावर पुन्हा लांडगे.

"माझा नंबर?"

"झाला," डीएम म्हणाला. "तू नव्हतास, म्हणून तुझा डॉज धरला, नुसता वार चुकवत उभा राहिलास."

"लांडग्यांना अर्धा तास, आणि मला दोन मिनिटं नाहीत?"

"फ्लो तुटतो रे."

फ्लो! ड्रुइडला स्वतःच्याच मंत्राचा नियम मोबाइलवर सापडत नसतो, तेव्हा तुटत नाही. क्लेरिक, म्हणजे आमची पुजारीण, रील बघत बसते आणि नंबर आल्यावर "मी कुठेय? हा ओग्र कधी आला?" विचारते, तेव्हा तुटत नाही. जो 'पुढे जातो, दोन वार करतो' एवढं आधीच ठरवून बसलेला असतो, त्याच्या वेळेला मात्र कात्री. अर्ज घरून नीट भरून आणणाऱ्याला बाजूला उभं करतात आणि खिडकीवर येऊन पेन मागणाऱ्याचं आधी करून देतात, त्यातलाच प्रकार. आणि मी चिडलो की "अरे, गेम आहे." गेम आहे म्हणूनच चिडलोय ना! ऑफिसात नंबर गेला तर आनंदच आहे.

निघताना काकांनी पाकीट वाचून दाखवलं. तिसऱ्या राउंडाचा तपासणी अहवाल. "लांडगे, सव्वीस मिनिटं. लांडग्यांचे मालक, नऊ. क्लेरिक, सात. राक्षस, म्हणजे आमचे चिरंजीव, बारा. राणी, निरंक."

कुणी काही बोललं नाही. डीएमने सोंगट्या भरल्या.

२०२४च्या सुधारित नियमांत आठ लांडगे गेले. त्या जागी एकच भुताळी कळप येतो. मी ड्रुइडला हे अत्यंत गोड शब्दांत कळवलं. तो म्हणाला, आपण जुन्याच नियमांनी खेळतो. जुन्या नियमांत हाच मंत्र वरच्या ताकदीने टाकला, म्हणजे पाचव्या पातळीचा स्लॉट खर्च केला, की लांडगे दुप्पट होतात. तिथवर आम्ही अजून पोचलेलो नाही, पण काल त्याने ग्रुपवर विचारलंय, कुणाच्या घरी जास्तीचा कॅरम पडलाय का.